थायरॉईडची गोळी, सकाळचा चहा आणि बदनाम कोबी

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एक ताई, वय ४१, शाळेत शिक्षिका. दीड वर्षापूर्वी हायपोथायरॉईड, म्हणजे मंदावलेली थायरॉईड ग्रंथी, निघाला, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन) ७ च्या खाली येत नाही. डॉक्टर आता डोस ७५ करू म्हणताहेत. वजन सहा किलोंनी वाढलंय, पोट साफ होत नाही, केस गळतात. मैत्रिणीने मोबाइलवर पाठवलेली यादी बघून त्यांनी कोबी, फ्लॉवर, मुळा, शेंगदाणे, सोयाबीन, बाजरी, दूध आणि गहू बंद केलेत. घरात सैंधव आलंय. 'आणखी काय सोडू म्हणजे गोळी सुटेल?' असं त्या विचारतात. शेवटी नववीतल्या मुलीबद्दलही एक प्रश्न आहे.

ताई, तुम्ही काय काय सोडलंत ते मी वाचलं, पण थांबले ते दुसऱ्याच एका वाक्यापाशी: 'उठल्या उठल्या गोळी घेते, मग लगेच चहा, आणि निघताना नाश्त्याबरोबर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या.' तुमचा टीएसएच का अडकलाय, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमची थायरॉईडची गोळी, हे फार नखरेल औषध आहे. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घेतलं तरी पूर्ण शोषलं जात नाही; साधारण ६० ते ८० टक्के आत जातं. पोटात दुसरं काही असेल तर तेवढंही नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांचा टीएसएच काही केल्या खाली येत नव्हता, आणि कारण एवढंच निघालं की ते गोळी एस्प्रेसोच्या कपाबरोबर गिळत होते. आपल्याकडे एस्प्रेसोच्या जागी दुधाचा चहा असतो, सोबत दोन बिस्किटं. 'नुसता चहाच तर घेते' असं मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतं. चहा हे खाणं आहे यावर मराठी माणसाचा विश्वासच नाही.

चहापेक्षाही लोह आणि कॅल्शियम जास्त त्रास देतात. ते पोटात या औषधाला चिकटतात आणि ते तसंच पुढे निघून जातं. यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. मल्टीव्हिटामिन आणि ॲसिडिटीची पातळ औषधं यांनाही तोच नियम. इसबगोल किंवा भिजवलेल्या मेथ्या सकाळी घेण्याची सवय असेल तर त्याही गोळीपासून दूर, जमल्यास रात्रीकडे न्या.

तुमच्या शाळेच्या वेळेत हे असं बसेल: साडेपाचला गोळी, सोबत पेलाभर साधं पाणी. लिंबू-मध घातलेलं नको, धण्याचंही नको. सव्वासहा-साडेसहाला चहा. लोहाची गोळी दुपारच्या डब्यानंतर, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. सकाळ फारच धावपळीची असेल तर गोळी रात्री झोपतानाही चालते, मात्र जेवून तीन तास झालेले हवेत. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री घेणाऱ्यांचे रिपोर्ट सकाळी घेणाऱ्यांपेक्षा थोडे चांगलेच आले होते. रात्रीची वेळ निवडलीत तर लोह आणि कॅल्शियम दोन्ही दिवसाउजेडी आटपा, आणि त्या दोघांनाही एकमेकांपासून लांब ठेवा. एकदा ठरवलेली वेळ मात्र पाळायची. आज सकाळी, उद्या रात्री असं नको.

डोस वाढवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण गोळी तुम्ही कशी घेता ते त्यांना आधी सांगा. बहुतेक जण सांगत नाहीत, आणि कोणी विचारतही नाही. डोसही वाढला आणि वेळही सुधारली, की औषध एकदम जास्त पडू शकतं. मग छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी करण्यात अर्थ नाही. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात आणि टीएसएच त्याहून संथपणे सावरतो.

आता 'काय सोडू म्हणजे गोळी सुटेल' याकडे. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे तुमचीच प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीवर उलटली आहे. हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे. जिथे मिठातून आयोडीन मिळतं तिथे हायपोथायरॉईडचं सगळ्यात मोठं कारण हेच. यात ग्रंथीचा जो भाग निकामी होतो तो कुठल्याही भाजीने, काढ्याने किंवा उपासाने परत उगवत नाही. तुमच्या बाबतीत गोळी बहुधा कायमची आहे. हे ऐकायला बरं वाटत नाही, मला माहीत आहे. पण गोळीत जे टी-४ हे थायरॉईडचं हार्मोन आहे ते रेणूपर्यंत तुमच्या ग्रंथीत बनणाऱ्या टी-४ सारखंच आहे. कमी पडतंय तेवढं आपण भरून काढतो, एवढाच मामला. गोळी खरोखर सुटते अशीही माणसं असतात: बाळंतपणानंतर काही महिन्यांपुरता थायरॉईड बिघडलेल्या बायका, किंवा टीएसएच जेमतेम वर गेलेला असताना घाईने गोळी सुरू झालेले लोक. 'मी अमुक खाऊन थायरॉईड बरा केला' असं सांगणारे पुष्कळदा यांच्यातलेच निघतात.

मग कोबी. याच्या बदनामीची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये ॲलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच संशोधनासाठी ससे पाळत होते. सशांना मुख्य खाद्य कोबी. १९२८ मध्ये त्यांनी लिहिलं, की या सशांना भलेमोठे गलगंड झालेत. पुढे कळलं की सशांना आयोडीन दिलं तर तोच कोबी खाऊनही गलगंड होत नाही. पहिला अर्धा भाग जगभर पसरला आणि दुसरा कुणी लक्षात ठेवला नाही.

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, मोहरी या कुळात असे घटक आहेत जे ग्रंथीच्या आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात, हे खरं. पण तो अडथळा जाणवायला एक तर अंगात आयोडीन कमी हवं, नाही तर प्रमाण अचाट हवं. २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेलं एक प्रकरण डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. ८८ वर्षांच्या एका चिनी आजी मधुमेहासाठी म्हणून रोज किलो-दीड किलो कच्चा बोक चॉय, म्हणजे कोबीचाच एक भाऊबंद, कित्येक महिने खात होत्या. त्या थायरॉईडच्या अभावाने बेशुद्ध होऊन रुग्णालयात आल्या. रोज किलोभर आणि तोही कच्चा! आपण वाटीभर भाजी चण्याची डाळ घालून शिजवतो, आणि शिजवताना हा परिणाम घडवून आणणारं एन्झाइम बहुतांशी निकामी होतं. तेव्हा कोबी-फ्लॉवर खा. कच्च्या पालेभाज्यांचे हिरवे ज्यूस मोठमोठे पेले भरून रोज पिऊ नका, एवढंच पथ्य.

बाजरीचं प्रकरण थोडं निराळं आहे. सुदानच्या दारफूर भागात बाजरीवरच जगणाऱ्या लोकांमध्ये गलगंड जास्त दिसला, आणि बाजरीतले काही घटक ग्रंथीला आडवे येतात असं आढळलं. ते शिजवून फारसे जात नाहीत. पण तिथे आयोडीनची टंचाईही होती आणि ताटात दुसरं धान्य नव्हतं. थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीला तर हवीच, हे आपलं खाणं त्यात मोडत नाही. बारा महिने तिन्ही त्रिकाळ बाजरीच असेल तर मी मधूनमधून ज्वारी आणा म्हणेन. शेंगदाण्यांबद्दल तर लिहायचंही कारण नाही. कूट बंद केलेलं मराठी घर बघून मला वाईट वाटतं. सोयाबीनची अडचण गोळी शोषली जाण्यापुरती आहे. सोया दूध किंवा वड्या जेवणात खा, सकाळच्या गोळीच्या आसपास नको; आणि रोज भरपूर खायला लागलात किंवा अचानक बंद केलंत, तर टीएसएच एकदा बघून घ्या. दुधाचंही तसंच. गोळीबरोबर नको, दिवसभरात हवं, कारण त्यातून प्रथिनं मिळतात, कॅल्शियम मिळतं आणि थोडं आयोडीनही.

गव्हाबद्दल मी जरा ठामपणे लिहिते. हाशिमोतो असणाऱ्यांमध्ये सीलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यामुळे सतत पोट बिघडत असेल, रक्त काही केल्या वाढत नसेल, किंवा गोळीचा डोस वाढवूनही उपयोग होत नसेल, तर टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घ्यावी. पण ती गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला की तपासणी खोटीच नॉर्मल येऊ शकते. तुम्ही गहू बंद करून किती दिवस झाले ते डॉक्टरांना सांगा. तपासणी करायची असेल तर काही आठवडे पुन्हा पोळी खावी लागेल. सीलिअॅक नसेल तर गहू सोडून थायरॉईड सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. पोळीऐवजी ज्वारी-नाचणीची भाकरी आवडते म्हणून खात असाल तर आनंदाने खा.

तुमच्या यादीतली मला खटकलेली खरी गोष्ट म्हणजे सैंधव. घरात आणलेलं शेंदेलोण दिसायला गुलाबी असतं, महाग असतं, आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल तर त्यात आयोडीन जवळजवळ नसतं. मिठागरातलं जाडं मीठही तसंच. आपल्या देशात आयोडीनचं मीठ आलं त्यामागे मोठं काम आहे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात गावंच्या गावं तपासली, काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं आणि तिथला गलगंड उतरणीला लागल्याचं दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो त्याच जोरावर. आज कायद्याने मीठ ग्राहकाच्या हातात पडताना त्यात किमान १५ पीपीएम आयोडीन लागतं. म्हणजे एक ग्रॅम मिठात निदान १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १५० लागतं. काही मिठातून येतं, बाकी दूध, अंडी, समुद्राची मासळी यांतून.

मीठ वाढवा असं मात्र मी म्हणत नाहीये. दिवसाला पाच ग्रॅम, चमचाभर, एवढंच पुरे. फक्त ते आयोडीनयुक्त असू द्या, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि शेगडीशेजारी उघडं ठेवू नका. आणि इथे दुसरं टोकही आहे. 'थायरॉईड म्हणजे आयोडीन कमी' असं समजून काही जण समुद्री शेवाळाच्या म्हणजे केल्पच्या गोळ्या ऑनलाइन मागवतात. हाशिमोतोमध्ये अति आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते. घरच्या मिठापलीकडे आयोडीन घेऊ नका. अपवाद गरोदरपणाचा. तेव्हा आयोडीनची गरज वाढते आणि गोळीचा डोसही बहुतेकींचा वाढवावा लागतो, तोही दिवस गेल्याचं कळताच. अशा वेळी यादी वगैरे बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.

सेलेनियम या खनिजाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढची यादी येईल तेव्हा त्यात ब्राझील नट नक्की असतील. थायरॉईडला सेलेनियम लागतं, टी-४ चं टी-३, म्हणजे शरीर प्रत्यक्ष वापरतं ते हार्मोन, करणारी एन्झाइम्स त्यावर चालतात. पण दिवसाची गरज आहे सुमारे ४० मायक्रोग्रॅम, आणि एका ब्राझील नटमध्येच साधारण ५० ते ९० असतात. मूठभर खाल्ले की मर्यादा ओलांडलीच. अति सेलेनियमने केस आणि नखं जातात. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात गावच्या गावं केस गळून हैराण झाली, तेव्हा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. केस गळतात म्हणून सेलेनियम घ्यायचं आणि त्यानेच ते आणखी गळायचे! अंडी, मासे, डाळी एवढ्यावर आपलं भागतं.

केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू आहे का? असेल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. त्याने थायरॉईडचे आकडे खोटे येऊ शकतात. अश्वगंधा, 'थायरॉईड सपोर्ट' नावाच्या कॅप्सूल यांच्यापासूनही सांभाळून. अश्वगंधेने थायरॉईडच्या हार्मोन्सची पातळी वर जाऊ शकते आणि मग गोळीचा हिशेब चुकतो. त्या कॅप्सूलपैकी काहींमध्ये, अमेरिकेत तपासल्या तेव्हा, चक्क थायरॉईडची हार्मोन्स सापडली होती, पाकिटावर एका शब्दाने उल्लेख नसताना.

वजनाचं खरं सांगते. हायपोथायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंचं असतं आणि त्यात बराचसा भाग मीठ-पाण्याचा, सुजेचा. टीएसएच जागेवर आला की तेवढं उतरतं. बाकीचं वजन चाळिशीतल्या इतर कुणाही बाईसारखंच वाढलेलं असतं: बैठं काम, अपुरी झोप, आणि ताटात प्रथिनं नावालाच. तुम्ही लिहिलेला दिवसाचा आहार मी जोडून पाहिला. सकाळी पोहे, डब्यात दोन भाकऱ्या आणि दोडक्याची भाजी, संध्याकाळी चिवडा, रात्री भात आणि पातळ आमटी. सगळं मिळून प्रथिनं जेमतेम तीस ग्रॅम. तुम्हाला पन्नास-पंचावन्न तरी हवीत. यादीमुळे दूध, शेंगदाणे, सोयाबीन गेले, म्हणजे प्रथिनांचेच रस्ते बंद झाले.

ते उघडा. डब्यात भाजीबरोबर मटकी किंवा चवळीची घट्ट उसळ रोज, वाटीला सात-आठ ग्रॅम मिळतात. रात्रीची आमटी पातळ नको, वरण घट्ट करा आणि भात त्या मानाने कमी. सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. पोहे केलेच तर मटार आणि शेंगदाणे सढळ हाताने. संध्याकाळी चिवड्याऐवजी फुटाणे आणि ताक. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा मिळेल ती समुद्राची मासळी, तळण्यापेक्षा कालवणात. बद्धकोष्ठासाठी याच उसळी, सालासकट काकडी, पेरू, पालेभाजी आणि पुरेसं पाणी. पण टीएसएच सुधारल्याशिवाय पोट पूर्ण साफ होणार नाही, कारण आतडीही मंदावलेली आहेत. कोलेस्टेरॉल वाढलेलं आलं असेल तर त्यातलाही काही भाग असाच खाली येतो. म्हणून त्यावरचं खाणं-औषध ठरवण्याआधी टीएसएच नॉर्मल होऊ द्या आणि पुन्हा तपासा.

केसांच्या बाबतीत आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघा. थायरॉईड मंद असला की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यात लोह जातं. लोह कमी पडलं की थायरॉईडचं हार्मोन बनवणारं एन्झाइमही ढिलं पडतं, कारण त्याला लोह लागतं. मग लोहाची गोळी सुरू होते, ती थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतली जाते, आणि दोन्ही वाया. ही साखळी मी फार बायकांमध्ये बघते. लोहाच्या गोळीनंतर तासभर चहा नको. डब्यात लिंबाची फोड असू द्या. शाकाहारी असाल तर बी-१२ पण तपासा.

उपासांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय: सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाण्यात विष असतं वगैरे जे फिरतं ते सोडून द्या; साबुदाणा ज्यापासून बनतो त्या कसाव्याच्या कंदातले घातक घटक तो तयार होताना बहुतेक निघून जातात. खिचडीची अडचण तिच्यातल्या निव्वळ पिठाची आहे, आणि उपासाला म्हणून पुन्हा सैंधव येतं ती. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही. नवरात्रात मात्र वरई आणि राजगिरा घ्या, दही-दूध-शेंगदाणे ठेवा. आणि निर्जळी असली तरी गोळी चुकवू नका. औषधाच्या घोटभर पाण्याने उपास मोडतो असं मानणाऱ्या सासूबाई आता फारशा राहिल्या नाहीत. असल्या तर माझं नाव सांगा. एखादे दिवशी चुकलीच तर आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घ्या.

मुलीबद्दल. हा आजार घराण्यात वावरतो, म्हणून तिला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. पण होईलच असं नाही, आणि तो टाळणारा कुठलाही आहार आज तरी हाती नाही. तिचे पदार्थ आत्तापासून तोडू नका. वाढीच्या वयात दूध, शेंगदाणे, गहू बंद करणं तिला थायरॉईडपेक्षा आधी बाधेल. घरातलं मीठ बदललंत की तिचंही काम झालं. उंची वाढायची थांबल्यासारखी वाटली, पाळी फार अनियमित किंवा अंगावरून जास्त जायला लागली, अभ्यासात एकदम मागे पडली, सतत थंडी वाजतेय म्हणाली किंवा गळ्यापाशी फुगवटा दिसला, तर एकदा टीएसएच आणि टी-४ करून घ्या. त्यासाठी तिला उपाशी न्यायची गरज नाही.